कोअर-तासांची पाळी

कोअर-तास साठवून ठेवता येत नाही. आज रात्री दोन ते तीन या वेळात क्लस्टरवरचे पाचशे कोअर रिकामे राहिले, तर ते पाचशे कोअर-तास गेले ते गेलेच. उद्या मशीन दुप्पट वेगानं पळून त्यांची भरपाई करत नाही. वीज त्या तासालाही लागते, थंड करणारी यंत्रणा त्या तासालाही घरघरतच असते. माझ्या कामातली निम्मी डोकेदुखी या एका गोष्टीतून येते, आणि उरलेली निम्मी माणसांतून.

मी मूळचा कुहीचा, नागपूर जिल्ह्यातल्या. पुण्यातल्या एका संशोधन संस्थेत क्लस्टर सांभाळतो. कुणाला खातं द्यायचं, कुणाला किती कोअर, किती जीपीयू, डिस्कवर किती जागा, एका वेळी किती तास, हे सगळं माझ्या टेबलावरून जातं. ठरवणारी समिती वेगळी आहे, शिव्या खाणारा मी. गावी कुणी विचारलं तर ‘कॉम्प्युटरचं काम’ एवढं सांगून मी सुटतो. त्यावर ‘मग आमचा प्रिंटर पाहून दे ना’ असा पुढचा प्रश्न येतो, आणि प्रिंटरमधलं मला खरोखर काही कळत नाही.

क्लस्टर म्हणजे कपाटांत रचून ठेवलेले शेकडो संगणक, वेगवान जाळ्यानं एकमेकांना जोडलेले. त्यातल्या एकाला नोड म्हणायचं. आमच्या नोडमध्ये 48 कोअर आहेत, म्हणजे एक नोड दिवसभर चालला की 1,152 कोअर-तास खर्ची पडतात. संशोधक लॉगिन नोडवर येतो, आपलं काम एका स्क्रिप्टमध्ये लिहितो, मला इतके कोअर, इतकी मेमरी, इतका वेळ हवा असं त्यात सांगतो आणि रांगेत टाकून निघून जातो. अशा एका कामाला जॉब म्हणायचं. रांग चालवणारं सॉफ्टवेअर आहे स्लर्म. अमेरिकेतल्या लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेत ते सुरू झालं, आणि आज जगातले बरेचसे महासंगणक त्याच्यावर चालतात.

महासंगणकाची बातमी येते ती उद्घाटनाची. प्रत्युष 2018 मध्ये पुण्याच्या आयआयटीएममध्ये बसला तेव्हा चार पेटाफ्लॉप्सचा मथळा होता. सप्टेंबर 2024 मध्ये तिथेच अर्काचं उद्घाटन झालं, मथळा 11.77 पेटाफ्लॉप्सचा. राष्ट्रीय महासंगणन मोहीम 2015 मध्ये जाहीर झाली, तेव्हा साडेचार हजार कोटींचा आकडा सगळ्यांनी छापला. या आकड्यांचा मला आनंदच आहे. डॉ. विजय भटकर आमच्या विदर्भातले, अकोला जिल्ह्यातल्या मुरंब्याचे. इंजिनिअरिंग नागपूरला शिकले. त्यांच्या नेतृत्वाखाली सी-डॅकनं 1991 मध्ये परम 8000 उभा केला, ही गोष्ट मी शाळेत असल्यापासून अभिमानानं ऐकत आलो आहे. पण मशीन आल्यावर त्यातलं कुणाला किती मिळणार आणि कोण ठरवणार, हा प्रश्न मी उद्घाटनाच्या एकाही बातमीत वाचलेला नाही.

तो प्रश्न आमच्या भागातल्या शेतकऱ्याला मात्र पाठ असतो. गोसेखुर्द धरणाची पायाभरणी 22 एप्रिल 1988 ला झाली. कुही तालुक्यातली कितीतरी गावं त्याच्या बुडीत क्षेत्रात गेली, आणि जी राहिली ती त्याच धरणाच्या पाण्याकडे डोळे लावून बसली. कालव्याच्या पाण्यासाठी नमुना नंबर सातचा अर्ज भरायचा, पीक कोणतं आणि क्षेत्र किती ते लिहायचं, मग शेजपाळीनं पाणी. नियमानं पाणी टेलकडून हेडकडे द्यायचं असतं. असा नियम करावा लागला, कारण तो नसेल तर हेडजवळचा शेतकरी पोटभर घेतो आणि टेलच्या माणसाच्या चारीत ओलसुद्धा पोचत नाही.

आमच्याकडे हेडवर बसलेले म्हणजे ज्यांना रांग भरता येते ते. एखाद्या गटातला हुशार विद्यार्थी रात्री एक लूप लिहितो आणि सकाळपर्यंत आठशे जॉब रांगेत उभे करतो. त्याच्या मागे एखादी नवी मुलगी आपला पहिलाच जॉब टाकते. ‘जो आधी येईल त्याला आधी’ असा सरळ नियम ठेवला, तर तिची पाळी पुढच्या आठवड्यात. या नियमाला पुष्कळ लोक न्याय म्हणतात. मला तो आळस वाटतो, नियम करणाऱ्याचा आळस.

यावरचा उताराही 1988 चाच आहे. सिडनी विद्यापीठातल्या ज्यूडी के आणि पिअर्स लॉडर यांनी त्या वर्षी फेअर-शेअर शेड्युलर मांडला. त्यांच्याकडेही हेच दुखणं होतं. विद्यार्थी एका मशीनवर, आणि जो जास्त प्रोसेस सोडेल त्याला जास्त वाटा. त्यांनी हिशेब प्रोसेसचा न धरता माणसाचा धरला. सी-डॅकची स्थापनाही 1988 चीच. एका वर्षात पुण्यात महासंगणकाची संस्था, गोसेखुर्दला पायाभरणी आणि सिडनीत वाटपाची युक्ती. यातून काही सिद्ध होत नाही, मला गंमत वाटते इतकंच.

स्लर्ममधला फेअरशेअर त्याच वळणाचा. संस्थेच्या खाली विभाग, विभागाखाली मार्गदर्शक, मार्गदर्शकाखाली विद्यार्थी, असं खात्यांचं झाड असतं. प्रत्येक फांदीला वाटा ठरवून दिलेला. ज्यानं वाट्यापेक्षा कमी वापरलं त्याचा जॉब वर सरकतो, जास्त वापरलं त्याचा खाली. थांबवत कुणालाच नाही. मशीन रिकामं असेल तर वाटा संपलेल्यालाही ते मिळतं, आणि ते मिळायलाच हवं, कारण रिकामा तास कुणाच्याच कामाचा नाही. इथे कालव्याशी असलेलं साम्य संपतं. धरणात पाणी अडवून उन्हाळ्यासाठी राखता येतं. क्लस्टरवर राखून ठेवणं म्हणजे फेकून देणं.

फेअरशेअरमधली मला सर्वांत आवडणारी सोय म्हणजे त्याचं विसरणं. जुन्या वापराचं वजन दर ठरावीक दिवसांनी निम्मं होतं. स्लर्म स्वतःहून सात दिवस धरतो, आम्ही चौदा ठेवले आहेत. आज कुणी दहा हजार कोअर-तास उडवले, तर चौदा दिवसांनी ते पाच हजार धरले जातात, अठ्ठावीस दिवसांनी अडीच हजार. हा आकडा फार लहान ठेवला, तर उधळ्या माणूस आठवड्यात पुन्हा साळसूद होऊन रांगेत पुढे येतो. फार मोठा ठेवला, तर दिवाळीआधी थीसिससाठी मशीन धुऊन काढलेल्या मुलाला संक्रांतीपर्यंत शिक्षा चालू राहते. चौदा हा आकडा कुठल्या शास्त्रातून आलेला नाही. विभागांची भांडणं ज्या आकड्यावर कमी झाली, तो आम्ही ठेवला.

शिवाय वर्षाचा कोटा असतो. तो एकदम वाटला की सरकारी खात्यातला मार्च एंड इथेही होतो. नऊ महिने निवांत बसलेले गट शेवटच्या महिन्यात एकाच वेळी जागे होतात, रांग फुगते आणि सगळेच नाराज. म्हणून तिमाही वाटप, आणि तिमाही संपली की शिल्लक रद्द. या नियमावर प्राध्यापक फार चिडतात. ‘माझे तास आहेत, मी कधीही वापरेन’ असं म्हणतात. तास त्यांचे नसतात. त्या तिमाहीत ते मागण्याचा हक्क त्यांचा असतो.

बारकाव्यात शिरलं की खरा खेळ दिसतो. एक जण कोअर एकच मागतो, पण मेमरी अख्ख्या नोडची. कागदावर त्याचा खर्च एका कोअरचा, आणि प्रत्यक्षात बाकीचे 47 कोअर कुणाला देता येत नाहीत. म्हणून आम्ही कोअर आणि मेमरी यांपैकी ज्याचं प्रमाण मोठं, त्यावर हिशेब लावतो. हे लागू झालं त्या दिवसापासून लोकांच्या प्रोग्रॅमची भूक आपोआप कमी झाली. जीपीयूचं दुखणं वेगळं. ज्युपिटर उघडायचं, एक जीपीयू पकडून ठेवायचा, जेवायला जायचं आणि तिकडूनच हॉस्टेलवर. सकाळपर्यंत तो जीपीयू शून्य टक्के वापरावर, आणि रांगेत तीस जण. अशा सत्रांना आता चार तासांची मर्यादा आहे. लॉगिन नोडवरच थेट मोठा प्रोग्रॅम चालवून सगळ्यांचं लॉगिन मंद करणारे महाभाग पूर्वी असत. आता तिथे प्रत्येकाला कोअर-मेमरीची मर्यादा बांधून टाकली आहे, त्यामुळे त्यांचं त्यांनाच मंद वाटतं.

सगळ्यांत जास्त तास वाया जातात ते खोट्या वेळेपायी. जॉब सहा तासांचा असतो, मुलं तीन दिवस लिहितात. कारणही खरं आहे. दिलेली वेळ संपली की स्लर्म जॉब मारतो, भले शेवटचे दहा मिनिट राहिले असोत. पण तीन दिवस लिहिण्याची किंमत त्यांना दिसत नाही. चाळीस नोड मागणारा एखादा मोठा जॉब रांगेत पहिला असतो, त्याच्यासाठी नोड एकेक करून मोकळे होत असतात, आणि चाळीस पूर्ण व्हायला अजून सात तास आहेत असं स्लर्मला दिसतं. त्या सात तासांत मोकळ्या झालेल्या नोडवर सहा तासांचा जॉब बसवून घेता येतो. मोठ्याला उशीर नाही, छोट्याचं काम फत्ते. याला बॅकफिल म्हणतात. ज्यानं तीन दिवस लिहिले, तो या फटीत बसत नाही. नोड रिकामे, तो रांगेत, आणि मला मेल: ‘सर, नोड मोकळे दिसतात, माझा जॉब पेंडिंग का?’

मध्यंतरी उमरेडकडचा एक विद्यार्थी आला. मी कुहीचा हे त्याला कुठून तरी कळलं होतं. सगळे सर म्हणतात, हा सरळ म्हणाला, “भाऊ, दोन दिवसांपासून जॉब पडून आहे माझा. काहीतरी करून द्या ना, आपल्याकडलेच आहा तुम्ही.”

काहीतरी करून देणं मला एका ओळीचं काम आहे. एक कमांड दिली की कुणाचाही जॉब रांगेच्या डोक्यावर जाऊन बसतो. कुणाला कळतही नाही. कालवा चौकीदाराच्या हातात जसं गेट, तशी ही ओळ माझ्या हातात आहे, आणि गेटवरच्या माणसाला गावात किती नातेवाईक फुटतात हे मी लहानपणी पाहिलेलं आहे. मी त्याच्या शेजारी बसलो, त्याचे जुने जॉब काढून दाखवले. एकही सात तासांच्या वर गेलेला नव्हता, आणि प्रत्येकावर 72 तास लिहिलेले.

“नऊ लिही,” मी म्हटलं.

“अन् मधात मेला तं?”

“दर तासाला चेकपॉइंट लिहितोस ना? मग तिथून पुढे चालव.”

त्यानं नऊ लिहिले. जॉब संध्याकाळी लागला. त्याला वाटलं भाऊनं काहीतरी केलं.

अपवाद मी करतच नाही असं नाही. पेपरच्या सुधारित प्रतीची तारीख तोंडावर असते, कधी पुराच्या अंदाजाचं एखादं मॉडेल तातडीनं चालवायचं असतं. अशा वेळी नोड राखून देतो. पण समितीच्या मेलवर, आणि कुणाला, किती, कधीपर्यंत हे क्लस्टरच्या सूचनाफलकावर सगळ्यांना दिसेल असं. फोनवर मागितलेली सवलत मी देत नाही. वरिष्ठ मंडळींना हे उद्धट वाटतं, वाटो.

खातं उघडणं सोपं आहे. अर्ज, मार्गदर्शकाची सही, संस्थेचा ईमेल, एसएसएच की, होम डिरेक्टरी, कोटा, स्लर्ममध्ये गटाशी जोडणी. अर्ध्या तासात माणूस आत. खातं बंद करणं हीच या कामातली खरी कसोटी. पीएचडी संपते, मुलगा जर्मनीला जातो, कुणी कळवत नाही. दोन वर्षांनी त्याच्या होम डिरेक्टरीत काही टेराबाइट डेटा सापडतो, आणि मार्गदर्शकांना विचारलं तर उत्तर येतं, ‘असू दे, लागेल कदाचित.’ त्याहून वाईट म्हणजे त्याच्या नावानं अजून कुणीतरी लॉगिन करत असतं, कारण जाताना पासवर्ड धाकट्या सहकाऱ्याला देऊन गेलेला.

मे 2020 मध्ये युरोपातले अनेक महासंगणक एकापाठोपाठ बंद करावे लागले. ब्रिटनचा आर्चर त्यातला एक. शिरकाव झाला होता तो वापरकर्त्यांच्या चोरलेल्या एसएसएच ओळखींतून. काही ठिकाणी घुसखोरांनी चक्क क्रिप्टो खणायला लावलं. ती बातमी वाचल्यावर मी झोपलेल्या खात्यांची यादी काढायला घेतली, आणि तेव्हापासून सहा महिने न वापरलेलं खातं आपोआप गोठतं. पुसत नाही, गोठवतो. पुसण्याची मला भीती आहे. डिसेंबर 2021 मध्ये क्योटो विद्यापीठाच्या महासंगणकावर बॅकअपच्या सदोष स्क्रिप्टमुळे 77 टेराबाइट डेटा पुसला गेला, सुमारे 3 कोटी 40 लाख फायली. काही गटांचा डेटा परत आलाच नाही. स्क्रॅचवरच्या, म्हणजे तात्पुरत्या वापराच्या डिस्कवरच्या, जुन्या फायली काढणारी आमची स्क्रिप्ट आधी नुसती यादी करते, ती यादी मालकाला जाते, आठवडा थांबते, मगच हात लावते.

तर तुम्ही एखादा क्लस्टर वापरत असाल, पुण्यात, नागपुरात किंवा आणखी कुठे, तर एवढं करा. पुढचा जॉब टाकण्याआधी मागचे दहा जॉब प्रत्यक्षात किती तास चालले ते पाहा आणि त्यावर चौथाई वाढवून वेळ लिहा. पासवर्ड कुणाला देऊ नका. नव्या माणसाला खातं लागत असेल तर अर्ज करायला सांगा, अर्धा तासच लागतो. आणि संस्था सोडताना डेटा कुणाच्या नावावर करायचा, तेवढी एक ओळ तुमच्या अ‍ॅडमिनला लिहून जा.