लाल सेमीकोलन

फेब्रुवारीचे दिवस. उमरखेडच्या आसपास शेतांत हळद शिजत होती आणि आमच्या लॅबच्या खिडकीपर्यंत तो वास येत होता. बासष्ट पोरांचे फॅक्टोरियलचे प्रोग्रॅम तपासायचे होते. मी नवा प्राध्यापक. रात्रीतून स्क्रिप्ट लिहिली. प्रोग्रॅम कंपाइल करायचा, आकडे द्यायचे, उत्तर अक्षरन् अक्षर ताडायचं, गुण टाकायचे. सकाळी यादी तयार. निम्म्यांना शून्य.

सरांनी यादी पाहिली. मी त्यांचाच विद्यार्थी. "एका शून्यवाल्याचा कोड दाखव." वाचता वाचता ते हसले. पोराने आकडा मागण्याआधी 'एंटर अ नंबर' असं छापलं होतं. उत्तर बरोबर, पण ते तीन शब्द माझ्या अपेक्षित उत्तरात नव्हते. दुसऱ्याने टर्बो सीमधलं 'क्लिअरस्क्रीन' वापरलेलं. माझ्या लिनक्सच्या कंपायलरला ते माहीतच नाही. "हे पोट्ट्यांना मीच शिकवलं," सर म्हणाले. "शून्य मला टाक."

मग त्यांनी पूर्ण गुणांचा एक कोड मागवला. त्यात लूपच नव्हता. 5 आला तर 120 छाप, 6 आला तर 720. प्रश्नपत्रिकेत नमुन्याला दिलेलेच आकडे मी तपासायला वापरले होते, हा माझा गाढवपणा.

असं यंत्राने तपासणं काही नवं नाही. अमेरिकेतल्या रेन्सेलर संस्थेत जॅक हॉलिंग्सवर्थ यांनी पंचकार्डांवरचे प्रोग्रॅम असेच तपासले, त्याचा लेख 1960चा. एनपीटीईएलच्या ऑनलाइन कोर्समध्येही काही टेस्ट केसेस, म्हणजे तपासायचे आकडे, विद्यार्थ्यापासून लपवलेल्या असतात. तेवढं तरी मी शिकायला हवं होतं. त्या वर्षापासून आम्ही वाटणी केली: सहा गुण स्क्रिप्टचे, तेही लपवलेल्या आकड्यांवर, चार गुण वाचून. शंका आली की पोराला समोर बसवून विचारायचं, ही ओळ का लिहिलीस? वेळ जातो. जाऊ दे.

त्या दिवशी निघताना सर सहज म्हणाले, "तुझा पहिला प्रोग्रॅम चाललाच नव्हता. मी सात दिले होते."

घरी येऊन माळ्यावरचं जर्नल काढलं. दहापैकी सात. लूपच्या आतल्या ओळीच्या शेवटी एक सेमीकोलन होता, लाल शाईचा. अक्षर माझं नव्हतं.