शेंग्या आणि मोठीची वही



दोन महिने इथे काही लिहिलं नाही. त्याचं कारण आत्ता माझ्या पायाशी बसून फरशी पुसायच्या कापडाशी कुस्ती खेळतंय. कापड हरत आलंय.

आषाढातला रविवार होता. तिघं मुलं पाठशाळेतून परत आली ती भिजून चिंब, आणि मधल्याच्या रेनकोटमध्ये काहीतरी हलत होतं. मला आधी वाटलं मांजर आहे. निघालं कुत्र्याचं पिल्लू, भाजलेल्या शेंगदाण्याच्या रंगाचं, जेमतेम दीड महिन्याचं. मंदिराच्या मागच्या गटारीच्या काठावर एकटंच कुईकुई करत होतं म्हणे. धाकटीने (ती चार वर्षांची) तिथल्या तिथे नाव ठेवून टाकलं, शेंग्या. आणि नाव ठेवलेलं पिल्लू परत गटारीवर सोडता येत नाही, हे तुम्हा आयांना मी सांगायला नको.

खरा प्रश्न आक्कांचा होता. आक्का म्हणजे माझ्या सासूबाई. सोळं-ओवळं सांभाळणाऱ्या. आमच्या घरी चातुर्मासात चौका लागतो, महाराजांचा आहार होतो. कळशी आणि श्रीफळ घेऊन दारात पडगाहनाला उभं राहायचं आणि पायांतून हे पिल्लू पळालं म्हणजे? अंतरायच की. मी मनात वाक्यं जुळवत होते. पण मुलं माझ्यापेक्षा हुशार. मोठी गेली आणि म्हणाली, "आक्का, जीवंधरकुमाराची गोष्ट सांगा ना."

तुम्हाला ठाऊक आहेच ती. मार खाऊन मरायला टेकलेल्या कुत्र्याच्या कानात जीवंधरकुमारांनी णमोकार मंत्र सांगितला आणि तो कुत्रा यक्षदेव झाला, पुढे संकटात त्यांच्या मदतीला धावला. आक्कांनी अर्धी गोष्ट सांगितली, मग थांबल्या, ओल्या पिल्लाकडे बघितलं, नातीकडे बघितलं. "मला शिकवतीयास व्हय गं?" म्हणाल्या. आणि जुनं लुगडं फाडून दिलं त्याच्या अंथरुणाला.

स्वयंपाकघराच्या दाराला ह्यांनी प्लायवूडची गुडघाभर उंच फळी बसवली. तिच्या पलीकडे शेंग्याने यायचं नाही. आम्ही बायका दिवसातून पन्नास वेळा साडी सावरत ती ओलांडतो. चौक्याच्या दिवशी तो वरच्या गच्चीत, मधल्याच्या ताब्यात.

आता वहीबद्दल सांगते. त्या महिन्यात पाठशाळेत रत्नकरंडक श्रावकाचार चालू होतं आणि मोठीला अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार पाठ करायला दिले होते. मी लहानपणी पाठ केले तेव्हा ते परीक्षेपुरते होते. बांधणं, मारणं, जास्त ओझं लादणं. आमच्याकडे बैल नव्हते, नोकर नव्हते, मी कोणावर ओझं लादणार? पण घरात कुत्रं आल्यावर ते पाचही अतिचार उठून चालायला लागले. मोठीने जुन्या वहीच्या मागच्या पानावर रकाने आखले. वर अतिचार, खाली नावं.

बंधनाच्या रकान्यात पहिलं नाव तिच्या बाबांचं, कारण दोरी त्यांनी आणली. अतिभारारोपणात धाकटी, तिने शेंग्याच्या पाठीवर स्वतःचं दप्तर बांधलं होतं. छेदनाखाली शेजारच्या काका येतात. शेपटी कापली की कुत्रं तिखट होतं असं ते म्हणाले. त्यांच्यापुढे कंसात लिहिलंय, "फक्त बोलले, केलं नाही." आणि पीडनाच्या रकान्यात मी. त्याने पाठशाळेच्या पुस्तकाचं मुखपृष्ठ चावून टाकलं तेव्हा मी वर्तमानपत्राची गुंडाळी करून त्याच्या पाठीत मारली होती. लागलं नसेल फारसं. पण तो लघवी करत टेबलाखाली गेला आणि मोठी न बोलता वही आणायला गेली. मैत्रिणींनो, मुलांना धर्म शिकवायला पाठवतो तेव्हा तो घरी येऊन आपल्यालाच विचारणार आहे, हे आपण धरत नाही.

पाचवा अतिचार आहारवारणा. त्यात नाव कोणाचंच नाही आणि त्याचं श्रेय आक्कांचं. पिल्लाला दिवसातून चार वेळा लागतं. आमचं सूर्यास्ताला आवरतं. पहिल्या रात्री अकराला तो इतका रडला की मला काही सुचेना. मी गॅस पेटवू का नको अशी उभी. आक्का काठी टेकत आल्या आणि म्हणाल्या, "व्रत आपलं हाय. त्येनं कुठं घेतलंय?" दुसऱ्या दिवसापासून त्या सूर्यास्ताच्या आधी एक वाटी दहीभात कालवून झाकून ठेवायला लागल्या. मर्यादेचंच दही, हं. कुत्र्यालासुद्धा.

खाण्याबद्दल बऱ्याच जणी विचारतील म्हणून सांगते. म्हशीचं दूध दिलं तर त्याला जुलाब झाले, दही सोसलं. डॉक्टरांनी अंडं सुचवलं, मी नाही म्हटलं. त्यांनी वाद घातला नाही, पण बजावलं की नुसत्या दूधभातावर पिल्लू वाढत नाही. मग पनीर, शिजवलेली डाळ, सोयाबीन आणि सोबत कुत्र्यांसाठी मिळणारं शाकाहारी तयार खाणं असं ठरलं, आणि दर महिन्याला वजन. कुत्र्याचं असं शाकाहारावर भागवता येतं, लक्ष ठेवून. मांजराचं नाही येत, मांजराला मांस लागतंच. तेव्हा मांजर आणणार असाल तर आधी विचार करा. काय देऊ नये त्या यादीत पहिलीच नावं कांदा आणि लसूण. आक्कांचा चेहरा बघायला हवा होता तुम्ही. कुत्र्यालाही कळतं म्हणाल्या. पण त्याच यादीत द्राक्षं आणि बेदाणे होते, त्याने मूत्रपिंडं जातात म्हणे. माझं माहेर तासगावकडचं. आमच्या घरात बेदाणे डब्याने नाहीत, खोक्याने असतात. धाकटीच्या मुठीतून मी किती वेळा ते काढून घेतलेत, विचारू नका. पाणी मात्र त्याला गाळलेलंच. मधला रोज नेमाने गाळून ठेवतो आणि शेंग्या ते ओलांडून अंगणातल्या डबक्याचं पितो.

हे सगळं हसण्यावारी नेण्यासारखं. पुढचं तसं नाही.

आणल्याच्या दुसऱ्याच दिवशी डॉक्टरांनी जंताचं औषध दिलं होतं. पिल्लांना ते बारा आठवड्यांचं होईपर्यंत दर पंधरा दिवसांनी द्यायचं, मग सहा महिन्यांपर्यंत दर महिन्याला. लहान मुलं असलेल्या घरात तर चुकवायचंच नाही, कारण जंतांची अंडी विष्ठेतून मातीत, मातीतून मुलांच्या हाताला आणि तोंडात. घरी आल्यावर मोठीने विचारलं, कसलं औषध? मी म्हणाले, शक्तीचं.

का म्हणाले? ती पंचेंद्रियापासून एकेंद्रियापर्यंत सगळं मोजणारी मुलगी. मुंग्यांच्या रांगेसाठी शाळेला उशीर करणारी. मला वाटलं, नसता घोळ नको. एका वाक्यात विषय संपला.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात मधला ओरडला, "शेवया!" विष्ठेत पांढरे, लांब जंत होते आणि त्यातले दोन-तीन अजून हलत होते. मोठी वाकून बघत राहिली. "हे काय गं आई?" मी म्हणाले, काहीतरी खाल्लं असेल बाहेर. आणि माती टाकून उचललं. म्हणजे एका खोट्यावर दुसरं.

पंधरा दिवसांनी दुसरा डोस. मी गोळी पनीरमध्ये दडवत होते आणि मोठीने कागदी पाकीट उचलून मोठ्याने वाचलं. जंतनाशक. पाचवीतल्या मुलीला नाशक शब्दाचा अर्थ सांगावा लागत नाही.

ती रडली नाही, त्याचीच मला भीती वाटली. वही घेऊन आली. पाच रकान्यांच्या पुढे नवी रेघ मारली, वर लिहिलं "सत्याणुव्रत" आणि खाली "आई". पेन्सिलने नाही, पेनने.

रात्री झोपताना बोलली. "ते जीव होते ना? दोन इंद्रियांचे?" हो म्हणाले. मग मी चार प्रकारच्या हिंसा सांगायला घेतल्या. संकल्पी, आरंभी, उद्योगी, विरोधी. गृहस्थाने संकल्पी सोडायची, बाकीची त्याला पूर्ण सुटत नाही वगैरे. सगळं बरोबरच होतं ते. पण माझ्याच आवाजावरून मला कळत होतं की मी शिकवत नाहीये, पांघरूण घालतेय.

आक्का शेजारच्या कॉटवर जाग्याच होत्या. म्हणाल्या, "तुझ्या बाला बारका असताना जंत झाल्ते. वावडिंग उगाळून पाजलं मी. ते जंत काय वंदनेला गेले व्हय?"

मोठी उठून बसली. मग मी तिला तेही सांगून टाकलं, की शाळेत फेब्रुवारीत चघळायची पांढरी गोळी देतात, ती तू दरवर्षी खातेस, तीही तीच. जंतांचीच. हे सांगेपर्यंत माझ्याही कधी मनात आलं नव्हतं. पिल्लाच्या गोळीवर मी खोटं बोलले आणि माझ्या तीन लेकरांच्या गोळ्यांवर मला एक क्षण थांबावंसंही वाटलं नव्हतं.

"म्हणजे मी पण," ती म्हणाली.

"तू पण, मी पण," आक्का म्हणाल्या.

"मग ते पाप नाही?"

"हाय की. न्हाई कोण म्हणतंय?" आक्का कुशीवर वळल्या. "पोर वाचवायचं म्हणून केलं. तरी झालं ते झालं. रोज सांजच्याला आलोचना पाठ कशाला म्हणतीया मी?"

बराच वेळ पंख्याचाच आवाज. मग मोठी माझ्याकडे वळून म्हणाली, "तू सांगितलं असतंस तर मी देऊ नको म्हणाले नसते." मी विचारलं, खरंच? ती जरा थांबली. "म्हणाले असते. पण मग तू का द्यायचं ते सांगितलं असतंस."

ह्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी तिची माफी मागितली. क्षमावणीला मागतो तशी सगळ्यांना एकदम नाही, नेमकी ह्या दोन वाक्यांची.

त्यानंतर आम्ही काय बदललं तेवढं लिहिते, कारण कुत्रं असलेल्या आणि नसलेल्या घरांनाही ते लागू आहे. गोळी थांबवली नाही. पण जंत होऊच नयेत म्हणून जे हातात आहे ते आळस न करता करायचं ठरवलं. विष्ठा लगेच उचलायची, पडून राहू द्यायची नाही. त्याचं अंथरूण कोरडं ठेवायचं, ओल धरली की जीव होणारच. डबकं ह्यांनी मुरूम टाकून बुजवलं. बाहेरून आल्यावर आणि जेवायच्या आधी मुलांचे हात साबणाने. त्याच्या केसांतून मऊ कंगवा रोज फिरवायचा, म्हणजे गोचीड चढायच्या आधीच कळतं. कंगव्याचं काम मोठीचं. एखादी गोचीड सापडलीच तर काय करायचं ह्यावर आमचं एकमत अजून झालेलं नाही. सध्या तरी ती एका डबीत घालून लांब शेताच्या बांधावर सोडायला मधला जातो, आणि तिथे ती दुसऱ्या कुत्र्याला चावेल त्याचं काय, असं विचारणारीही मोठीच असते.

काल गोळीचा दिवस होता. दिनदर्शिकेवर तिनेच तारखेभोवती गोल करून लिहून ठेवलंय, "शेंग्या, जंताची गोळी." पूर्ण शब्द. मी पनीरचा तुकडा घेतला तेव्हा ती फळीच्या अलीकडे मांडी घालून बसली, त्याला मांडीवर घेतलं आणि म्हणाली, "तू दे. मी णमोकार म्हणते." मग जरा थांबून, "त्यांच्यासाठी पण."

तिचं म्हणून झालं. शेंग्याने पनीर गिळलं, गोळी बाहेर काढून अगदी स्वच्छ फरशीवर ठेवली, आणि आमच्याकडे बघत शेपटी हलवली. आता दुसरा तुकडा आणायला उठावं लागणार होतं.