वध्यशिलेचे वंशज

अद्भुत मालिकेचे एक पर्व संपते तेव्हा, म्हणजे शाप, पिशाच्चे आणि देवदानव यांच्या आधाराने महिनोन्‌महिने ताणत नेलेली गोष्ट एकाच भागात मिटवावी लागते तेव्हा, लेखकापुढे फार थोड्या वाटा उरलेल्या असतात. त्यांतली सर्वांत प्रभावी वाट अशी, की ज्याच्यावर मरण येणार आहे त्याच्या जागी नायकाने आपण होऊन उभे राहावे. दूरचित्रवाणीने ही वाट इतक्या वेळा वापरली आहे की ती तिचीच निर्मिती वाटू लागते. प्रत्यक्षात सुमारे चौदाशे वर्षांपूर्वीच्या एका संस्कृत नाटकाचे शेवटचे दोन अंक याच वाटेने जातात, आणि कोकणावर राज्य करणाऱ्या एका घराण्याला त्या कथेचा एवढा लोभ होता, की त्याने आपली वंशावळच तिच्या नायकापासून सुरू केली. ते घराणे शिलाहारांचे.

रत्नागिरी तालुक्यातील हातखंबा हे या घराण्याचा विचार करायला योग्य ठिकाण आहे, ते तेथे एखादी शिलाहारकालीन वास्तू आहे म्हणून नव्हे, तर तेथील तिठ्यामुळे, म्हणजे तीन रस्त्यांच्या मिलनस्थानामुळे. मुंबईहून गोव्याकडे जाणारा महामार्ग येथे रत्नागिरीच्या रस्त्याला भेटतो, पालीपर्यंत दोन्ही वाटा एकत्र जातात आणि तेथून एक फाटा नाणीज, साखरप्यावरून आंबा घाट चढून कोल्हापूरला, तर दुसरा लांजा, राजापूर ओलांडून खारेपाटणला उतरतो. शिलाहारांच्या प्रमुख शाखाही तीनच होत्या: उत्तरेला ठाण्याच्या परिसरात एक, दक्षिणेला बलिपत्तन येथे, म्हणजे बहुतेक अभ्यासकांच्या मते आजच्या खारेपाटणला, दुसरी, आणि घाटावर कोल्हापूर-पन्हाळ्याला तिसरी. हातखंब्याहून निघणारा प्रवासी मुंबईकडे वळो, गोव्याकडे वळो की घाट चढो, तो या घराण्याच्या कोणत्या ना कोणत्या गादीकडेच निघालेला असतो.

खारेपाटणला सापडलेला रट्टराजाचा ताम्रपट, म्हणजे तांब्याच्या पत्र्यांवर कोरलेले दानपत्र, शके ९३०चा, इसवी सन १००८चा आहे. शैव आचार्याला दिलेल्या दानाची नोंद हा त्याचा व्यावहारिक हेतू; परंतु दानाच्या तपशिलाकडे वळण्यापूर्वी तो वंशाची कथा सांगतो. विद्याधरांचा, म्हणजे आकाशसंचारी अर्धदेवांचा, जीमूतकेतू नावाचा राजा होता, त्याच्या जीमूतवाहन नावाच्या पुत्राने परक्यासाठी आपला जीव गरुडाला दिला, आणि त्याच्यापासून हा वंश निघाला, असे ते पत्रे सांगतात. त्यानंतरच सणफुल्ल या मूळ पुरुषाचे नाव येते, ज्याला राष्ट्रकूट कृष्णराजाच्या कृपेने सह्याद्री आणि समुद्र यांच्यामधला मुलूख मिळाला. शिलाहारांचे लेख एकत्र करून अभ्यासणारे वा. वि. मिराशी यांच्या ग्रंथांत ही कथा शाखेशाखेतून पुन्हा पुन्हा भेटते. उत्तर शाखेच्या अपरादित्याने याज्ञवल्क्यस्मृतीवर लिहिलेली टीका हा धर्मशास्त्राचा, वारसा-ऋण-प्रायश्चित्तांची चर्चा करणारा ग्रंथ आहे. तिच्या समाप्तिलेखातही ग्रंथकर्ता स्वतःला जीमूतवाहनाच्या कुळातला म्हणवतो. इतर घराणी सूर्याकडे, चंद्राकडे किंवा अग्निकुंडाकडे मूळ शोधत होती. गरुडासाठीच्या बळीच्या दगडावर स्वतःहून जाऊन बसलेल्या माणसाला पूर्वज ठरवावे, ही निवड त्या काळात खरोखर वेगळी आहे. शिला आणि आहार या दोन शब्दांतून घराण्याचे नावच त्या दगडाशी जोडले गेले. मैलोगणती उघडा जांभा पसरलेल्या सड्यांच्या या प्रदेशात दगडावरचे बलिदान अधिक जवळचे वाटले असेल, असे मनात येते; तसा पुरावा मात्र कोणत्याही ताम्रपटात नाही.

ज्या नाटकाने ही कथा रंगभूमीवर अमर केली ते ‘नागानंद’ कनोजचा सम्राट हर्ष याच्या नावावर आहे, आणि त्याची कारकीर्द इसवी सन ६०६ ते ६४७ ही मानली जाते. सातव्या शतकाच्या उत्तरार्धात भारतात आलेला चिनी भिक्षू इत्सिंग नोंदवतो की शीलादित्य राजाने, म्हणजे हर्षाने, नागाच्या जागी स्वतःला अर्पण करणाऱ्या बोधिसत्त्व जीमूतवाहनाची कथा पद्यबद्ध केली आणि ती वाद्ये, नृत्य व अभिनय यांच्यासह सादर करवून लोकप्रिय केली. नाटकाची नांदी, म्हणजे आरंभीची मंगल प्रार्थना, बुद्धाला उद्देशून आहे आणि शेवट गौरीच्या हातून होतो. परशुरामतात्या गोडबोले यांनी एकोणिसाव्या शतकात ते मराठीत आणले. पहिले तीन अंक प्रेमकथेचे आहेत: राज्य सोडून आईवडिलांच्या सेवेसाठी वनात आलेला राजपुत्र, वीणा वाजवणारी मलयवती, गैरसमज, विवाह आणि मद्यपी विटाचा, म्हणजे रंगेल आश्रिताचा, विनोद. अनेक भाग हलकेफुलके ठेवून शेवटी काळीज पिळवटायचे, हे मालिकांचे तंत्रही याहून निराळे नाही.

चौथ्या अंकात समुद्रकिनारा येतो. नवविवाहित जीमूतवाहनाला दुरून हिमशिखरांसारखे पांढरे ढीग दिसतात आणि जवळ गेल्यावर कळते की ती नागांची हाडे आहेत. गरुडाने सरसकट संहार करू नये म्हणून नागराज वासुकीने रोज एक नाग पाठवण्याचा करार केला आहे. त्या दिवशी पाळी शंखचूडाची आहे. बळीची खूण म्हणून त्याला तांबडी वस्त्रे मिळाली आहेत आणि म्हातारी आई त्याला कवटाळून रडते आहे. जीमूतवाहन पुढे होतो तेव्हा ती त्यालाच गरुड समजते आणि मुलाऐवजी आपल्याला खा म्हणून विनवते. नायकाच्या महानतेची चर्चा करताना हा क्षण बहुधा निसटतो. पण त्या किनाऱ्यावर दुसऱ्याच्या जागी मरण मागणारी पहिली व्यक्ती ती आई आहे, आणि राजपुत्र तिच्या मागून येतो. शंखचूड त्याची मागणी साफ नाकारतो आणि मरणापूर्वी गोकर्णाला प्रदक्षिणा घालायला जातो. हेच नाव धारण करणारे तीर्थक्षेत्र गोवा ओलांडून हातखंब्यावरून जाणाऱ्या त्याच महामार्गाने आणखी दक्षिणेला गेल्यावर लागते. तेवढ्या अवधीत अंतःपुरातून जावयासाठी लग्नविधीची तांबडी वस्त्रजोडी येते. जीमूतवाहन ती पांघरून वध्यशिलेवर, म्हणजे बळी देण्याच्या दगडावर, चढतो आणि गरुड त्याला उचलून नेतो. लग्नाचे वस्त्र आणि बळीचे वस्त्र एकाच रंगाचे असावे आणि त्या साम्यावर सारा कथाभाग फिरावा, ही नाटककाराची योजना थक्क करणारी आहे. केरळात चाक्यार नटांच्या परंपरेत गरुडाला दोरांवरून खरोखर हवेतून आणणारे ‘परक्कुम कूत्तू’, म्हणजे उडते नाट्य, याच नाटकातून निघाले.

पाचव्या अंकात गरुड खाता खाता थांबतो. आजवरचे सारे बळी भीतीने अर्धमेले होऊन आले होते. याच्या चेहऱ्यावर आनंद आहे. जीमूतवाहन उलट त्यालाच विचारतो की अंगात अजून रक्त आहे, मांस आहे, तर भूक भागण्यापूर्वी तो का थांबला. रक्ताच्या खुणांवरून माग काढत शंखचूड येतो आणि खरा बळी मी आहे म्हणून छाती पुढे करतो. आईवडील आणि मलयवतीही पोहोचतात. गरुडाला आपण काय केले ते कळते. तो हिंसा सोडण्याचा शब्द देतो, आणि शब्द देऊन न थांबता अमृत आणायला जातो, म्हणजे ज्यांची हाडे किनाऱ्यावर साचली आहेत त्या सर्व नागांना जीवदान द्यायला जातो. पश्चात्तापाची याहून कसोशीची कल्पना कोणत्या नाटककाराने मांडली असेल? पुढे हिंसा करणार नाही, एवढे त्याला पुरेसे वाटत नाही. झालेल्या हिंसेची भरपाई करायची आहे. इकडे जीमूतवाहन प्राण सोडतो, मलयवती आपल्या उपास्य गौरीला बोल लावते, आणि देवी प्रकट होऊन कमंडलूतल्या पाण्याने त्याला उठवते.

या पुनरुज्जीवनावर, बलिदानाची किंमतच परत दिली, असा आक्षेप येतो. नाट्यशास्त्राचे उत्तर तांत्रिक आहे: कथानकाच्या पाच संधींपैकी शेवटच्या निर्वहण संधीत, म्हणजे सर्व धागे एकत्र येतात त्या भागात, अद्भुत रस असावा असे भरत सांगतो. दहाव्या शतकातील धनिकाने ‘दशरूपक’ या ग्रंथावरील टीकेत या नाटकाचा रस शांत नसून दयावीर आहे, म्हणजे दयेतून प्रकटणारे शौर्य हा त्याचा गाभा आहे, असे ठरवले. पण खरे उत्तर नाटकाच्या क्रमातच आहे. गौरी येण्यापूर्वीच गरुड बदललेला असतो. देवीचा प्रवेश काढून टाकला तरी बलिदान वाया जात नाही. गरुडाचे थांबणे काढून टाकले तर मात्र गौरीच्या येण्याने काहीही वाचत नाही.

आधुनिक पर्वसमाप्तीत नेमका हाच भाग दुबळा राहतो. ‘बफी द व्हॅम्पायर स्लेयर’ या अमेरिकन मालिकेच्या पाचव्या पर्वाचा ‘द गिफ्ट’ हा अखेरचा भाग २२ मे २००१ रोजी दाखवला गेला. धाकट्या बहिणीच्या रक्ताने दोन जगांमधली भिंत फुटते, ती सांधायला तेच रक्त हवे असते, आणि दोघींचे रक्त एक असल्याने बफी तिच्याऐवजी उडी घेते. पुढच्या पर्वात सोबती तिला मंत्रबळाने परत आणतात आणि मग कळते की ती शांतीतून ओढून आणली गेली आहे. परत येणे हेही दुःख असू शकते, ही जाणीव ‘नागानंदा’त नाही, आणि ती या मालिकेची मोठी कमाई आहे. पण तिची वैरीण असलेली हद्दपार देवता मारली जाते, बदलत नाही. मराठीत ‘रात्रीस खेळ चाले’ या २०१६ साली सुरू झालेल्या, सावंतवाडीजवळच्या आकेरीत चित्रित झालेल्या मालिकेने नेमकी उलटी बाजू रंगवली. पहिले पर्व नाईक वाड्याचे कुटुंबप्रमुख अण्णा नाईकांच्या मृत्यूने सुरू होते, २०१९चे दुसरे पर्व त्यांच्या भूतकाळात जाते, आणि २०२१च्या तिसऱ्या पर्वात अण्णा व त्यांची प्रेयसी शेवंता मेल्यावरही वाडा सोडत नाहीत. कोकणातल्या समजुतीप्रमाणे भूत म्हणजे वासना मागे राहिलेला जीव, ज्याला काहीच सोडवत नाही. जीमूतवाहन हा त्या वाड्याला कधीच न मिळालेला पाहुणा आहे.

शिलाहारांनी ही कथा किती खोल घेतली होती, याची साक्ष त्यांच्या बिरुदांत, म्हणजे राजाच्या नावामागे लागणाऱ्या सन्मानपदव्यांत आहे. जीमूतवाहनाच्या कुळात जन्मलेले म्हणवणारे हे राजे त्याच दमात स्वतःला सुवर्णगरुडध्वज, सोन्याचा गरुड निशाणावर वागवणारे, म्हणवतात. पूर्वजाला चोचीने फोडणारा पक्षी वंशजांच्या निशाणावर येतो, तो शत्रू उरलेला नसल्यामुळेच येऊ शकतो. बदललेल्या भक्षकाला आपल्या ध्वजावर जागा देणारे हे राजे स्वतः लढाया करत, मुलूख घेत आणि एकमेकांवरही चाल करत, हे खरे. दयावीराचे नाव घेतल्याने राजसत्ता दयाळू होत नाही. तरीही आपल्याविषयी काय लक्षात राहावे असे त्यांना वाटत होते, ते तांब्यावर स्पष्ट उरले आहे.

पन्हाळ्याचा दुसरा भोज हा कोल्हापूर शाखेचा शेवटचा राजा. १२१२च्या सुमारास देवगिरीच्या यादव सिंघणाने त्याचा पराभव करून त्याचे राज्य घेतले. यादवांच्या निशाणावरही गरुडच होता, आणि सिंघणाच्या प्रशस्तीत, म्हणजे राजस्तुतीच्या कोरीव लेखात, त्याला पन्हाळ्यावर राहणाऱ्या भोजरूपी सर्पाला पळवून लावणारा गरुड म्हटले आहे. शंखचूडाच्या जागी मेलेल्या पुरुषाच्या वंशजाला सर्प म्हणताना प्रशस्तिकाराला ती जुनी कथा आठवत होती की नाही, हे लेखातून कळत नाही. सिंघण वाटेत थांबला नाही, आणि कोल्हापूरच्या शिलाहारांचे राज्य भोजाबरोबरच संपले.