वाकड्या पिरॅमिडचा राजा

पिरॅमिड म्हटलं की सगळ्यांना खुफू आठवतो, फॅरो म्हटलं की तुतनखामेन. पण मित्रांनो, सिव्हिलवाल्यांचा खरा राजा म्हणजे खुफूचा बाप, स्नेफ्रू! इ.स.पूर्व २६०० च्या आसपास इजिप्तवर राज्य करणारा, चौथ्या घराण्याचा पहिला फॅरो.

दहशूरच्या त्याच्या पिरॅमिडचा फोटो पाहून माझा मेकॅनिकलचा रूम पार्टनर म्हणाला, "हा सबमिशनच्या आदल्या रात्री पुरा केलेला दिसतोय." दिसतो खरा तसाच. खालचा उतार सुमारे ५४ अंश, आणि निम्म्याच्या जवळ आल्यावर एकदम ४३! झालं असं की खालची जमीन खचू लागली, आतल्या दालनांना तडे गेले. मग पायथा रुंद केला, वरच्या दालनात देवदाराचे वासे टेकू म्हणून घातले, आणि तरीही भागेना तेव्हा वरचं वजन कमी करायला उतारच बदलला. ते वासे आजही आत आहेत. आपल्या साईटवर असं झालं असतं तर आधी चौकशी समिती बसली असती.

स्नेफ्रूने मात्र जवळच दुसरा पिरॅमिड उभारला. पायथा २२० मीटर, उतार पहिल्यापासून ४३ च्या आसपास, उंची सुमारे १०५ मीटर. हा लाल पिरॅमिड म्हणजे पहिला सरळ बाजूंचा यशस्वी पिरॅमिड. वाकड्यातलं गणित सरळ्यात उतरलं, त्यानंतरच खुफूने गिझाला हात घातला. आम्ही जर्नलमध्ये बिघडलेलं रीडिंग खोडून टाकतो. याने ते शंभर मीटर उंच उभं ठेवलं!

इथपर्यंत मी त्याचा भक्तच झालो होतो. पुढे पालेर्मोच्या शिलालेखातल्या नोंदी वाचल्या. देवदाराने भरलेली ४० जहाजं आली, ही वाचून बरं वाटलं. त्याच शिळेवर नुबियाच्या स्वारीत आणलेले ७,००० कैदी आणि २,००,००० गुरं. माणसं आणि गुरं एकाच ओळीत, आपल्या मटेरियलच्या यादीसारखी.

गंमत म्हणजे पुढच्या इजिप्शियनांनी त्याला भला राजा म्हणूनच लक्षात ठेवलं. वेस्टकार पपायरसमधल्या गोष्टीत तो कंटाळलेला असतो आणि उपाय सुचवणाऱ्याला चक्क 'भावा' म्हणून हाक मारतो. पार्टनरला ही गोष्ट फार आवडली. मी त्याला विचारलं, नुबियातल्या कुणाला तो अशी हाक मारत असेल का रे?

"झोप आता," तो म्हणाला, "उद्या वायवा आहे."