पदवीनंतरची पहिली यत्ता

सेंद्रिय रसायनाच्या प्रयोगशाळेत बहुतेक विद्यार्थ्यांच्या वाट्याला येणारा एक प्रयोग आहे. व्हिनेगरमध्ये असतं ते अ‍ॅसेटिक आम्ल आणि आयसोअमाइल अल्कोहोल एकत्र करायचं, थोडंसं सल्फ्युरिक आम्ल घालून ते मिश्रण तासभर उकळत ठेवायचं, आणि मग धुऊन, गाळून, ऊर्ध्वपातन करून जो रंगहीन द्रव हाती येतो त्याला पिकल्या केळ्यांचा वास असतो. फिलाडेल्फियाच्या थंडीत, रात्री उशिरा वर्गावरून परतलेल्या भाचीच्या कोटाबरोबर तो वास घरात आला आणि मला एकदम आमच्या जुन्या घरातला माळा आठवला; पेंढ्यात पिकत घातलेला घड, शिडीवर उभे राहून एकेक फणी खाली देणारे अण्णा, आणि खाली परकराचा ओचा पसरून उभ्या असलेल्या आम्ही दोघी बहिणी. भाची त्यांतल्या धाकटीची मुलगी. तिने इतिहासात पदवी घेतली, काही वर्षं एका संग्रहालयात नोकरी केली, आणि आता दिवसा तीच नोकरी सांभाळून संध्याकाळी ती अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलांशेजारी बसून रसायनशास्त्र शिकते आहे. तिला डॉक्टर व्हायचं आहे.

अमेरिकेत वैद्यकीय महाविद्यालयाचं दार बहुधा पदवीनंतरच उघडतं. पदवी कशातली हे कुणी विचारत नाही, संगीतातली चालते, इतिहासातलीही चालते. मात्र काही विषय पदरी असावे लागतात. साधारणपणे सामान्य रसायन, सेंद्रिय रसायन, जीवशास्त्र आणि भौतिकशास्त्र प्रत्येकी एक वर्ष, तेही प्रयोगशाळेसह, शिवाय जीवरसायन, थोडी संख्याशास्त्राची ओळख आणि इंग्रजी लेखन. पदवीच्या काळात ज्यांनी हे केलेलं नसतं ते नंतर परत येऊन करतात. या खटाटोपाला तिथे ‘पोस्ट-बॅक’ म्हणतात. न्यूयॉर्कच्या कोलंबियात, फिलाडेल्फियाजवळच्या ब्रिन मॉर महाविद्यालयात यासाठी खास अभ्यासक्रम आहेत; पण भाचीसारखे कितीतरी जण नोकरी सांभाळून, जवळच्या सार्वजनिक विद्यापीठात एकेक विषय गोळा करत जातात. याच्या शेवटी नवी पदवी मिळत नाही. गुणपत्रकात चार-दोन ओळी वाढतात, एवढंच. आणि जुन्या ओळी पुसल्याही जात नाहीत. अर्ज करताना महाविद्यालयातल्या पहिल्या वर्षापासूनचे सगळे गुण मांडावे लागतात. अठराव्या वर्षी कंटाळून अर्ध्यावर ढकललेला एखादा विषयही तिथे निमूटपणे हजर असतो.

हे सारं कशासाठी, असं मी तिला विचारलं नाही. मला ते ठाऊक होतं. अण्णांच्या अखेरच्या दिवसांत, त्यांची मूत्रपिंडं थकली तेव्हा, ती सुट्टी काढून पुण्याला आली होती. आठवड्यातून तीनदा डायलिसिस, दर वेळी चार-चार तास. बाकीच्यांनी आळीपाळीने बाहेरच्या बाकावर बसून वेळ काढला, ही मात्र त्यांच्या उशाशी बसून असायची. त्यांच्या डाव्या दंडाजवळ शीर आणि धमनी जोडून केलेली फिस्टुला होती. तिच्यावर बोट ठेवलं की त्वचेखाली रक्ताची एक अखंड थरथर जाणवत असे. अण्णा तिला म्हणायचे, “बघ गं, अजून चालू आहे.” ती हसून बोट तसंच ठेवत असे. रिपोर्टवरचा क्रिएटिनिनचा आकडा आम्ही सगळे वाचत होतो, वाढला की घाबरत होतो, उतरला की हुश्श करत होतो. पण क्रिएटिनिन म्हणजे काय, आणि ते रक्तातून बाहेर जातं तरी कसं, हे विचारणारी ती एकटीच होती. इतिहासाची मुलगी. तंत्रज्ञाने तिला थोडंफार समजावलं. पुढचं तिच्या मनात तसंच राहून गेलं.

अण्णा गेल्यावर पुष्कळ महिन्यांनी तिचा फोन आला होता. “मावशी, अण्णाआजोबांचं मशीन आज पुस्तकात भेटलं.” सामान्य रसायनातलं द्रावणांचं प्रकरण चाललं होतं. अर्धपार्य पडद्याच्या एका बाजूला रक्त, दुसऱ्या बाजूला मोजून-मापून केलेलं पाणी. जिकडे युरिया आणि क्रिएटिनिन दाट तिकडून ते विरळ बाजूला आपोआप सरकतात, त्यांना ढकलावं लागत नाही. आणि त्या पाण्यातलं बायकार्बोनेट उलट रक्तात शिरून आम्लता आवरतं. शेजारच्या मुलांनी परीक्षेपुरता तो परिच्छेद अधोरेखित केला असेल. हिला मात्र त्या आकृतीत एक पलंग दिसत होता, एक लोकरीची टोपी दिसत होती. मला वाटतं, उशिरा शिकायला आलेल्या माणसाचं पुस्तकाशी नातंच निराळं असतं. प्रकरणं उघडायच्या आधीच त्यांत कुणीतरी राहत असतं. विद्या आधी आणि आयुष्य मागाहून, हा क्रम आपण फार गृहीत धरला आहे का, असा विचार त्या रात्री बराच वेळ मनात घोळत राहिला.

या विषयांची सक्ती तरी कुठून आली? 1893 साली बाल्टिमोरला जॉन्स हॉपकिन्सचं वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं, तेव्हा त्याने पदवीची अट घातली. त्या काळी ती फारच कडक होती. पुढे 1910 साली अब्राहम फ्लेक्सनर यांनी अमेरिका आणि कॅनडातल्या 155 वैद्यकीय शाळा पाहून एक अहवाल लिहिला, आणि रसायन, भौतिक, जीवशास्त्राचा पाया नसलेल्याला वैद्यक शिकवू नये, असा आग्रह धरला. त्यानंतर कितीतरी शाळा बंद पडल्या. त्यांत निकृष्ट पुष्कळ होत्या. पण कृष्णवर्णीयांसाठी असलेल्या सातांपैकी पाच बंद पडल्या, ही त्या सुधारणेची दुखरी बाजू. फ्लेक्सनर स्वतः डॉक्टर नव्हते. हॉपकिन्स विद्यापीठातूनच 1886 साली प्राचीन भाषांचं शिक्षण घेऊन बाहेर पडलेले ते एक शाळामास्तर. म्हणजे रसायनाचा हा उंबरठा घालून दिला तो एका भाषेच्या माणसाने, आणि आज तो ओलांडायला इतिहासाची ही मुलगी धडपडते आहे.

त्याच 1886च्या मार्चमध्ये, याच फिलाडेल्फियात, आनंदीबाई जोशी डॉक्टर झाल्या. त्यांच्यापाशी कुठली पदवी होती? एकही नाही. चौदाव्या वर्षी झालेलं मूल दहा दिवसांत गेलं, आणि त्या दुःखातून वैद्यक शिकण्याची ओढ धरून त्या अठराव्या वर्षी समुद्रापार आल्या. विमेन्स मेडिकल कॉलेजने त्यांना घेतलं. तिथल्या डीन रेचल बॉडली या स्वतः रसायनशास्त्राच्या प्राध्यापक होत्या, हे वाचल्यापासून मला त्यांच्याविषयी विशेष जिव्हाळा वाटतो. आनंदीबाईंना रसायन शिकायचं होतंच. पण ते आधी शिकून या, मग दार उघडू, असं त्यांना कुणी म्हटलं नाही. आज त्यांना प्रवेश मिळाला नसता. मला पाया हवाच आहे. माझ्या अण्णांच्या रक्ताशी खेळणाऱ्याला द्रावणांचं प्रकरण नीट यायलाच हवं. पण माणूस कुठल्या दुःखातून इथवर चालत आला, हेही कुणीतरी पाहायला हवं, असं त्या जुन्या शहराच्या विटांच्या रस्त्यांवरून हिंडताना सारखं वाटत राहतं.

भाचीच्या वर्गात एक व्हायोलिन वाजवणारी बाई आहे, एक माजी सैनिक आहे, एक प्राथमिक शिक्षक आहे. शनिवारी ही सगळी मंडळी कुठल्या ना कुठल्या रुग्णालयात स्वयंसेवक म्हणून चाकाच्या खुर्च्या ढकलतात. पुढे एमकॅट नावाची दिवसभराची परीक्षा, त्यानंतर अर्ज, मुलाखती, आणि कदाचित नकार. तिच्या टेबलावर कार्बनच्या साखळ्यांचे प्लास्टिकचे सांगाडे पडलेले असतात; त्यांशेजारी जुन्या नोकरीतली ऐतिहासिक पत्रांची एक फाइल. दोन्हींवर तिच्याच हस्ताक्षरातल्या चिठ्ठ्या.

हे पाहताना पुण्यात शिकवत असतानाची माझी एक विद्यार्थिनी आठवते. पंधराव्या वर्षी, अकरावीचा प्रवेश घेताना, तिने जीवशास्त्र सोडलं, कारण घरात गणिताचं वळण होतं. बी.ए.च्या शेवटच्या वर्षी तिची आई आजारी पडली आणि मग ती मला स्टाफरूममध्ये येऊन विचारत होती, “मॅडम, आता काहीच होणार नाही का?” माझ्यापाशी उत्तर नव्हतं, कारण तेव्हा वाटही नव्हती. आता वैद्यकीय प्रवेशाच्या ‘नीट’ परीक्षेची वरची वयोमर्यादा 2022 साली गेली, बारावीनंतर जादा विषय म्हणून जीवशास्त्र घेतलेल्यांनाही बसता येईल, असं राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने 2023च्या नोव्हेंबरात जाहीर केलं. दार किलकिलं झालं आहे. मात्र नोकरी करणाऱ्यांना संध्याकाळी हे विषय शांतपणे शिकवणारी महाविद्यालयं आपल्याकडे सहसा दिसत नाहीत. ती व्हायला हवीत. आपल्या शहरांत संध्याकाळी ओस पडणाऱ्या प्रयोगशाळा काही थोड्याथोडक्या नाहीत. ज्यांच्या हाती त्यांच्या किल्ल्या आहेत, त्यांनी एवढं मनावर घ्यावं.