उतारी कोणाची?

गंजिफाचा जुना संच दुरुस्तीला आला की मी चित्रं नंतर पाहते, आधी कडा पाहते. खेळातल्या संचाची गोल पानं कडेला बोटांच्या तेलाने काळवंडलेली असतात. पाठीवरचा लाखेचा थर जिथे अंगठा टेकतो तिथे विरलेला असतो. बहुतेक संचांत एखाददुसरं पान परक्या हाताचंही सापडतं: रंग थोडा गडद, मासा थोडा जाडा. हरवलेल्या पानाच्या जागी कुणीतरी चिताऱ्याकडून नवं करून घेतलेलं. संग्रहालयवाले अशा पानाला ‘बदली’ म्हणून कमी गुण देतात, पण मला संचातलं तेच पान सर्वांत मोलाचं वाटतं. एका पानावाचून डाव अडला होता, याचा तो पुरावा असतो.

गेल्या तीस-चाळीस वर्षांतले संच माझ्याकडे येतात ते बुरशी लागून किंवा फ्रेमच्या काचेला चिकटून. त्यांच्या कडा कोऱ्या असतात.

ज्यांनी गंजिफा फक्त भिंतीवर पाहिला आहे त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. दशावतारी गंजिफात मत्स्यापासून कल्कीपर्यंत दहा रंग असतात. प्रत्येक रंगात राजा, प्रधान आणि एक्का ते दश्शी अशी बारा पानं, म्हणजे एकूण 120. तिघं खेळायला बसले की प्रत्येकाच्या वाट्याला चाळीस. पाच रंगांत दश्शी मोठी आणि एक्का लहान. उरलेल्या पाचांत नेमकं उलट. दिवसा डाव मांडला तर उतारी रामाची, दिवे लागल्यावर कृष्णाची. कोणतं पान पडून गेलं हे लक्षात ठेवता आलं नाही तर या खेळात निभाव लागत नाही. पान कसं रंगवायचं याचे नियमही या खेळण्यातूनच आले. सोंगट्यांसारखी मांडलेली चिन्हं, रंगारंगांतला ठळक फरक, राजा आणि प्रधान यांच्या बैठकीतलं अंतर, हे सगळं चाळीस पानं हातात धरणाऱ्याला नजरेच्या एका फेकीत ओळखता यावं म्हणून आहे.

माझं काम सावंतवाडीच्या पानांपासून सुरू झालं आणि म्हैसूरला येऊन लांबलं. इथे मी अग्रहारात राहते. राजवाड्यापासून चालत जाण्याइतका जवळचा हा जुना भाग. माझ्या विषयातली सर्वांत विलक्षण पानं त्या राजवाड्याच्या आश्रयाने जन्मली. मुम्मडी कृष्णराज वडेयर (1794–1868) टिपूच्या पाडावानंतर 1799मध्ये लहानपणीच गादीवर बसले. 1831मध्ये इंग्रजांनी कारभार काढून घेतला. राजेपण राहिलं, राज्य गेलं. या राजाने ग्रंथ, चित्रं आणि खेळ यांत जीव रमवला. त्यांच्या ‘श्रीतत्त्वनिधी’ या ग्रंथातला कौतुकनिधी हा भाग खेळांचा आहे. त्यात ‘छाद’ नावाच्या गंजिफांची वर्णनं आणि पानांची रंगीत चित्रं आहेत. इथल्या एका रंगात साधारणपणे बारा अंकांची आणि सहा दरबारी पानं असतात. रंग अठरापर्यंत जातात आणि सर्वांत मोठा संच 360 पानांचा होतो. दशावतारी खेळणाऱ्यालाही घाम फुटावा असा हा पसारा. हे खेळ वाड्याबाहेर फारसे कधी गेलेच नाहीत.

म्हैसूरला येणारा मराठी पाहुणा सहसा जगनमोहन राजवाड्यात सावळाराम हळदणकरांची दिवा घेतलेली मुलगी पाहतो आणि पुढे जातो. हळदणकर मूळ सावंतवाडीचे. त्या गावाचं या शहराशी दुसरं नातं गंजिफाचं, पण त्याची चौकशी फारसं कुणी करत नाही. दोन्हीकडे कला मरता मरता वाचली. सावंतवाडीत शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांनी 1970च्या दशकात वाड्यातच काम सुरू केलं, म्हाताऱ्या चिताऱ्याकडून नव्या हातांना शिकवून घेतलं. म्हैसूरकडे रघुपती भट यांनी गंजिफाची चित्रशैली पुन्हा उभी केली. चिंचोक्याची खळ, खडूचा लेप, घोटाई, लाख हे सगळं टिकलं. पण डाव टिकला नाही. घेणारा संच घेतो तो दिवाणखान्यासाठी. संच जमवणाऱ्यांपैकीच एक रुडॉल्फ फॉन लायडन: मुंबईचे कलासमीक्षक, नव्या वळणाच्या ‘प्रोग्रेसिव्ह’ चित्रकारांचे पाठीराखे. त्यांनी आयुष्यभर गंजिफा जमवला आणि 1982मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातल्या प्रदर्शनाच्या निमित्ताने त्यावर पुस्तक लिहिलं. एकाच माणसाला नवी चित्रकला आणि जुनी पानं दोन्ही जवळची वाटली, हे मला फार बोलकं वाटतं. आपण मात्र त्या दोन कपाटांना वेगळी कुलपं लावली.

परंपरा आणि रोजचं जगणं यांतून आजची कला कशी निघते, हे शोधताना मी चिनी चित्रकारांकडे वळले. तिथे मला आपल्या बरोबर उलटा प्रकार दिसला.

छ्यू चिजिये या चित्रकाराने 1990 ते 1995 या काळात वांग शीचिरची ‘लानथिंग’ प्रस्तावना हजार वेळा उतरवून काढली. इ. स. 353मधला हा मजकूर चिनी सुलेखनाचा मानदंड. शतकानुशतकं विद्यार्थी तो गिरवत आले. छ्यूने तो हजारही वेळा एकाच कागदावर गिरवला. शेवटी कागद काळाकुट्ट झाला, एक अक्षर वाचता येईना. गिरवण्याची क्रिया शंभर टक्के शाबूत राहिली आणि रूप पार पुसून गेलं. सोंग दोंग या दुसऱ्या कलावंताने 1995पासून दगडावर रोजनिशी लिहायला घेतली, कुंचला साध्या पाण्यात बुडवून. लहानपणी शाई-कागद परवडत नसल्याने वडिलांनी त्याला असंच गिरवायला लावलं होतं. पाणी वाळतं, मजकूर उडतो, दुसऱ्या दिवशी पुन्हा लिहायचं.

याच सोंग दोंगचं 2005मधलं काम त्याच्या आईच्या घराचं आहे. नवऱ्याच्या मृत्यूनंतर चाव श्यांगयुआन दुःखात बुडाल्या होत्या आणि घरातली एकही वस्तू टाकू देत नव्हत्या. टंचाईच्या दिवसांतले साबण, टूथपेस्टच्या रिकाम्या नळ्या, बाटल्यांची बुचं, घडी घातलेल्या पिशव्या, चपला: दहा हजारांहून अधिक वस्तू. मुलाने आईला बरोबर घेऊन त्या सगळ्या प्रदर्शनात मांडल्या, घराच्या लाकडी सांगाड्यासकट. 2009मध्ये न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्येही ते काम मांडलं गेलं. त्याआधी काही महिने आई गेली होती. त्यात ड्रॅगन नाही, कमळ नाही, ‘चिनी’ म्हणून ओळखू यावं असं काही नाही. ‘काही वाया घालवायचं नाही’ हा पिढ्यांचा संस्कार मात्र त्यात पूर्ण आहे. आपण रूप राखलं आणि क्रिया सोडली; या माणसांनी क्रिया राखली आणि रूप सोडून दिलं.

चिनी वाटेवर सगळं आलबेल आहे असं नाही. आय वेवे या कलावंताने 2010मध्ये लंडनच्या टेट मॉडर्नमध्ये चिनी मातीच्या सूर्यफूल-बिया अंथरल्या, सुमारे दहा कोटी. त्या चिंगदेचेनच्या सुमारे 1,600 कारागिरांनी हाताने घडवल्या, रंगवल्या. परंपरेचं काम जिवंत हातांना मिळालं, ही मोठी गोष्ट. पण भिंतीवर नाव एकाचं लागलं. आपल्याकडे चिताऱ्याचं नाव तर पेटीच्या झाकणावरही नसतं, त्यामुळे दुसऱ्याच्या घरातलं कुसळ दाखवताना मला जपून बोलावं लागतं.

क्रिया राखण्याची कला आपल्याला येत नाही असंही नाही. नवरात्रात अग्रहारातल्या घरांत बाहुल्यांच्या पायऱ्या मांडतात. वरच्या पायरीवर राजा-राणीची लाकडी जोडी, पट्टद गोंबे. ही जोडी मुलीबरोबर माहेराहून येते आणि तिला हात लावायची कुणाची छाती नसते. खालच्या पायऱ्यांवर मात्र पूर्ण मोकळीक. तिथे लग्नाची पंगत असते, शेतकरी असतो, वाण्याचं दुकान असतं, प्लॅस्टिकची आगगाडी आणि क्रिकेटचा संघही असतो. बाई दरवर्षी ठरवते काय ठेवायचं, काय काढायचं, कशाशेजारी काय शोभतं. प्रदर्शन मांडणारा तज्ज्ञ याहून वेगळं काय करतो? महाराष्ट्रात दिवाळीत पोरं अंगणात किल्ला करतात. वर सिंहासनावर महाराज अढळ, पायथ्याशी मावळ्यांच्या रांगेत खेळण्यातला जेसीबी. कुणी हरकत घेत नाही, कारण माती कालवणं, तट रचणं, अळीव पेरणं ही क्रिया चालू आहे. म्हणूनच बाहेरचं काहीही त्यात येऊ शकतं.

गंजिफाचा इतिहासही हेच सांगतो. बाबराने 1527मध्ये सिंधच्या शाह हसनला गंजिफा पाठवल्याची नोंद त्याच्या आत्मचरित्रात आहे. मोगली संचात रंग आठ होते: मुकुट, तलवार, नाणी, गुलाम असे दरबारी. इथल्या माणसांनी ते बाजूला ठेवून दशावतार आणले. उलटसुलट चढउतार तेवढा तसाच ठेवला, कारण खरी गंमत त्यात होती. मुम्मडी कृष्णराजांनी पुन्हा रंग बदलले, वाढवले. त्यांच्या छादांना खेळणारी माणसं मात्र मिळाली नाहीत. दशावतारी गावोगाव गेला आणि छाद वाड्यात राहिला. दोन्हीतलं चित्रकाम उत्तम होतं, फरक होता तो खेळाडूंचा.

म्हणून ‘गंजिफावर आधारित समकालीन चित्र’ असं काही कुणी दाखवायला आणलं की मी एकच विचारते: खेळता येतं का? मत्स्याच्या जागी एसटी आली, प्रधानाच्या जागी कंडक्टर आला तरी माझी तक्रार नाही. पण चाळीस पानं हातात धरल्यावर रंग ओळखता यायला हवेत, एक्का कुठे मोठा आणि कुठे लहान हे ठरलेलं हवं. हे जमलं नाही तर ते गोल आकाराचं चित्र आहे, गंजिफा नव्हे. चिताऱ्यांनाही माझं सांगणं असतं की प्रत्येक पेटीत नियमांचा कागद टाका, आणि झाकणावर स्वतःचं नाव घाला.

यंदा सावंतवाडीहून संच आणलात तर फ्रेमवाल्याकडे नेऊ नका. फराळाची ताटं आवरली की तिघं जण बसा. दिवस असेल तर रामाने सुरुवात करा, रात्र असेल तर कृष्णाने. पहिले काही डाव गोंधळाचे जातील, भांडणंही होतील. पान हरवलं तर चिताऱ्याला कळवा. त्याच्यासाठी त्याहून चांगली मागणी कोणती?