अडलेलें पान

घरांतील एखादी वस्तु बिघडली म्हणजे दोष कोणाचा हें ठरविण्याची आपली एक ठरीव रीत आहे. घड्याळ मागें पडलें तर दोष घड्याळाचा, विहिरीवरील पंप पाणी ओढीनासा झाला तर दोष पंपाचा; परंतु संगणकावर एखादें पान उघडेनासें झालें, कीं दोष त्यापुढें बसलेल्या वृद्ध माणसाचा! "तुम्हांला जमत नाहीं, इकडे द्या," असें म्हणून मुलें यंत्राचा ताबा घेतात, आणि वृद्ध मनुष्यहि आपलेंच कांहीं चुकलें असेल असें समजून मुकाट्यानें उठतो. हा न्याय किती उतावळा आहे याचा प्रत्यय आम्हांस गेल्या मार्गशीर्षांत श्रीवर्धनास आला, म्हणून तो प्रकार वाचकांपुढें ठेवीत आहों.

बाळाजी विश्वनाथ पेशव्यांचें गांव म्हणून श्रीवर्धन सर्वांस ठाऊक आहे, आणि तेथील रोठा सुपारीहि कित्येक घरांतील पानदानांत असेल. तेथें आमचे काका अण्णा व काकू अशीं दोघेंच राहतात. अण्णांनीं ऐशी ओलांडली. सारा जन्म शाळामास्तरकींत गेला. ३ जून २०२० रोजीं निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलें, तेव्हां श्रीवर्धन परिसरांतील नारळी-पोफळींच्या वाड्यांची दाणादाण उडाली. अण्णांच्या वाडीचेंहि तेंच झालें. नवीं रोपें लावलीं, परंतु पोफळ कांहीं एका वर्षांत फळास येत नाहीं. तेव्हांपासून घराचा भार मुख्यतः निवृत्तिवेतनावर आहे, आणि दरमहा तें जमा झालें कीं नाहीं, औषधांचे व विजेचे पैसे किती गेले, हें संगणकावर पाहून वहींत उतरावयाचें, हा अण्णांचा नेम.

नेमकें तेंच पान दोन महिने अडून बसलें होतें. तें अर्धें दिसे, चक्र फिरत राही, बाण हलविला तरी कोठें दाबतां येत नसे. शेवटीं पान प्रतिसाद देत नाहीं अशी इंग्रजी सूचना येई. ठाण्याच्या चिरंजीवांनीं दूरध्वनीवरून उपाय सुचविला, "अण्णा, तुम्ही कशाला त्रास घेतां? परवलीचा शब्द मला सांगा, मी इथून सगळें पाहीन." सूचना प्रेमाची होती. परंतु आम्ही गेल्यावर अण्णा हळूच म्हणाले, "अरे, ज्याला स्वतःचा हिशेब पाहतां येत नाहीं, त्याला घरचा कर्ता कशाला म्हणायचें?" काकू आंतून म्हणाल्या, "दोन महिने जेवतांना हेंच चाललें आहे. बघ बाबा एकदां काय तें."

बिघाड शोधण्याची पद्धति वैद्याच्या निदानासारखीच असते. एका वेळीं एकच गोष्ट बदलावयाची, आणि काय घडलें तें लिहून ठेवावयाचें. दोन औषधें एकदम दिलीं तर गुण कशानें आला हें कळत नाहीं. लिहिण्याचें काम अण्णांनीं आपण होऊन पत्करलें.

प्रथम दुसरीं चार पानें उघडून पाहिलीं. तीं उघडलीं, म्हणजे तार नीट होती. तेंच पान आमच्या भ्रमणध्वनीवर विनातक्रार उघडलें, म्हणजे पलीकडील यंत्रहि चालू होतें. मग ब्राउझरांत सांठलेल्या जुन्या प्रती पुसल्या, गुण नाहीं. ब्राउझरला चिकटविलेल्या जोडण्या एकेक करून बंद केल्या. तरी गुण नाहीं. टास्क मॅनेजर उघडून ठेवला आणि पान पुन्हां बोलाविलें, तेव्हां दिसलें कीं यंत्राच्या मेंदूचे जे दोन गाभे, त्यांपैकीं एक पुरा गुंतून राहिला आहे व दुसरा जवळजवळ रिकामा आहे. हें लक्षण बोलकें होतें. यंत्र थकलेलें नव्हतें. तें एकाच कामांत गरगर फिरत होतें. शेवटीं जावास्क्रिप्ट बंद करून पाहिली, आणि पान एका क्षणांत उघडलें! बटणें निर्जीव, शोभा गेलेली, परंतु अक्षर न् अक्षर जागच्या जागीं.

येथें थोडा खुलासा अवश्य आहे. पानावरील मजकूर हा एक भाग, आणि त्या पानाकडून हालचाली करवून घेणाऱ्या आज्ञा हा दुसरा. या आज्ञांची भाषा ती जावास्क्रिप्ट. ब्रेंडन आइक यांनीं ती १९९५ सालीं, सांगतात त्याप्रमाणें, दहा दिवसांत सिद्ध केली. आज्ञा पाळणें, पान रंगविणें आणि वाचणाराच्या बोटाची दखल घेणें हीं तिन्ही कामें सामान्यतः एकाच धाग्यावर चालतात. पंगतींत वाढपी एकच असावा, आणि पहिल्याच पानावरच्या पाहुण्यानें त्यास "आणखी वाढ, आणखी वाढ" म्हणून अडवून धरावें, तसा हा प्रकार होतो. स्वयंपाक तयार असतो, वाढपीहि राबत असतो. परंतु बाकीची पंगत रिकामीं पानें घेऊन बसते.

आतां प्रश्न उरला तो, पंगत अडविणारा पाहुणा कोण? त्या पानावर आज्ञांचे पुष्कळ तुकडे होते. आम्ही एकेक तपासण्याच्या तयारीस लागलों, इतक्यांत अण्णांनीं आपल्या हिशेबाच्या वहीचीं मागचीं पानें उलगडलीं. दोन महिन्यांत जेव्हां जेव्हां ती इंग्रजी सूचना आली, तेव्हां तेव्हां ती त्यांनीं तारीखवार, अक्षरशः उतरून ठेवली होती. सूचनेच्या तळाशीं एका तुकड्याचें नांव व ओळीचा आंकडा होता. नऊ वेळां नांव तेंच, आंकडा तोच! दूरध्वनीवरून सल्ला देणाऱ्यांपैकीं कोणीं "सूचनेंत काय लिहिलें आहे?" असें विचारलेंच नव्हतें.

त्या नांवाचा तुकडा पानाच्या माथ्यावर सरकत जाणाऱ्या जाहिरातीच्या पट्टीचा निघाला. नव्या ब्राउझरांत चौकटीचें माप बदललें कीं तें आपण होऊन कळविण्याची सोय असते. अण्णांच्या जुन्या ब्राउझरांत ती नव्हती, म्हणून तिच्या बदलीं जोडलेला तुकडा माप विचारी, त्यावरून पट्टीची उंची बदली, उंची बदलल्यामुळें माप पुन्हां चुके, आणि दोन्हीं जुळेपर्यंत थांबावयाचें नाहीं असा त्यास हुकूम होता. जुळणी कधींच होत नसे. तेवढा एक तुकडा आम्हीं अडविला, बाकीची जावास्क्रिप्ट पुन्हां चालू केली. पान उघडलें, बटणेंहि चालूं लागलीं. अण्णांनीं चष्मा पुसला, कार्तिक व मार्गशीर्षाच्या रकमा वहींत उतरल्या, आणि मग काकूंस चहा टाकावयास सांगितलें.

गोष्ट येथें संपविणें सोयीचें झालें असतें, पण प्रामाणिकपणाचें झालें नसतें. पान उघडणें निराळें आणि तें निर्धास्तपणें वापरणें निराळें. या यंत्रांच्या जगांत पाठिंब्याची एक मुदत असते. विंडोज एक्सपीची मुदत ८ एप्रिल २०१४ रोजीं संपली, विंडोज ७ ची १४ जानेवारी २०२० रोजीं. एके काळीं घरोघर असलेला इंटरनेट एक्सप्लोरर १५ जून २०२२ रोजीं निवृत्त झाला. मुदत संपली म्हणून यंत्र बंद पडत नाहीं. परंतु पुढें त्यांत सांपडणारीं छिद्रें कोणी बुजवीत नाहीं. अशा ब्राउझरांतून बातम्या वाचणें ठीक. पैशाचा व्यवहार करणें म्हणजे कडी मोडलेल्या दारामागें तिजोरी ठेवणें होय. हें आम्हीं अण्णांस सांगितलें, तेव्हां त्यांचा चेहरा उतरला. "यंत्र धड असतां तें टाकायचें?" वादळानंतर उभ्या राहिलेल्या पोफळी मोजणाऱ्या माणसाचा तो प्रश्न होता, त्यास "नवें घ्या" हें उत्तर आम्हांस देववेना.

सुदैवानें तशी गरज पडली नाहीं. आधीं अण्णांचीं पत्रें, छायाचित्रें व जुने हिशेब एका पेनड्राइव्हवर उतरून घेतले. मग यंत्राची स्मृति दोन गिगाबाइटांची होती ती चार केली, आणि जुन्या प्रणालीच्या जागीं फुकट मिळणारी लिनक्स बसविली. तिच्यावर आजचा ब्राउझर चालतो, देवनागरी लिहितां येतें, आणि अडविलेला तुकडा मोकळा केला तरी पान अडत नाहीं. चार दिवस अण्णा "हें इथें कां नाहीं?" म्हणून कुरकुरले, पांचव्या दिवशीं त्यांनींच काकूंस नव्या सोयी दाखविल्या. परवलीचा शब्द ठाण्यास गेला नाहीं. संबंधित संस्थेस आम्हीं तारखा, तुकड्याचें नांव व ओळीचा आंकडा देऊन पत्र पाठविलें. उत्तर आलें तें एवढेंच, कीं ब्राउझर नवा वापरावा.

त्या उत्तरांत तथ्य नाहीं असें नाहीं. परंतु पान लिहिणारांचेंहि कांहीं कर्तव्य आहे. टिम बर्नर्स-ली यांनीं स्वित्झर्लंडांतील सर्न या संस्थेंत १९९१ सालीं खुलें केलेलें पहिलें संकेतस्थळ आजच्या ब्राउझरांतहि वाचतां येतें, कारण त्यांत मजकूर व दुवे यांपलीकडे कांहीं नाहीं. आधीं मजकूर सर्वांस पोंचवावा, आणि शोभा ज्याच्या यंत्रास झेपेल त्यास द्यावी, असें तत्त्व स्टीव्ह चॅम्पियन यांनीं २००३ सालीं मांडलें. निवृत्तिवेतनाचा आंकडा वाचावयास सरकती पट्टी लागत नाहीं.

आणि जें पान लिहिणाराचें कर्तव्य, त्याचाच दुसरा भाग घरच्या माणसांचा. वडील मंडळींचें यंत्र अडलें तर तें हातांतून काढून घेण्यापूर्वीं दोन प्रश्न विचारावे: काय करीत असतां अडलें, आणि पडद्यावर अक्षरें कोणतीं आलीं? तीं अक्षरें त्यांनीं लिहून ठेवावीं, आपण शेजारीं बसून वाचावीं, आणि शक्य तोंवर कळ त्यांच्याच हातानें दाबवावी. बिघाड सांपडण्यास त्यानें अर्धा तास अधिक लागेल. पण पुढच्या खेपेस आपण दूर असलों तरी त्यांचें अडणार नाहीं.